वेंगुर्ल्याहून आलेली राजेळी

माझी सून मोटरसायकल चालवते ही गोष्ट मी पहिली दोन वर्षं लपवायला बघत होते. लपणार कशी म्हणा! सकाळी सहाला वसईतल्या होळी गावातल्या आमच्या घरासमोर ती किक मारायची आणि अर्धी आळी जागी व्हायची. तरी कोणी विचारलं, मटिल्डाबाय, सून एवढ्या सकाळी कुठे, तर मी म्हणायचे, कामावर. कशावर बसून गेली ते सांगायचे नाही. आणि आता? आता बाजारात कोणी नुसतं हवापाण्याचं बोललं तरी मी विषय मोटरसायकलवर नेते. मुलगा ज्युड फोनवरून हसतो मला. हसू दे. अडुसष्ट वर्षांच्या बाईने आपल्या सुनेची फुशारकी मारायची नाही तर कोणाची मारायची?

तिचं नाव क्षितिजा. विरारच्या मनवेलपाड्यात चाळीत वाढलेली. वडील आत्माराम एका औषधांच्या गोदामात होते, दुकानादुकानांत मोटरसायकलवरून खोकी पोचवायचे. ही एकोणीस वर्षांची असताना त्यांचा पाय मोडला. तीन महिने घरी बसायची पाळी आली, म्हणजे नोकरी गेलीच समजा. पण ही पोरगी आठ दिवस मैदानात गाडी शिकली, नवव्या दिवशी परवान्याच्या मागे लागली, आणि पुढचे दोन महिने कॉलेज सांभाळून बापाची खोकी तिने पोचवली. एकही बाटली फुटली नाही, असं आत्माराम मला लग्नाच्या बैठकीत सांगत होते. मी तोंड वाकडं करून ऐकत होते, कारण मला ते लग्नच नको होतं.

पुढे ती लॅबचा कोर्स शिकली आणि घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम धरलं. पाठीमागच्या सीटवर निळी बर्फपेटी, पेटीत नळ्या उभ्या, आणि वसई-विरारचे आपले रस्ते. पाचूबंदरच्या कोळणी सुईला घाबरतात, पहिलं पानी तरी पिऊ दे गो म्हणून तिला अर्धा तास बसवून ठेवतात, आणि मग साडेनवाच्या आत नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या असतात. नळी हिंदकळली की रक्त बिघडतं, आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा टोचावं लागतं. म्हणून खड्डा चुकवणं हा तिच्या नोकरीचाच भाग. डेंग्यू झाला तेव्हा ज्युडचं रक्त घ्यायला ती आमच्याकडे आली होती. रक्त घ्यायला आली आणि पोरगा घेऊन गेली, असं मी लोकांना सांगते, आणि लोक हसतात. त्या वेळी मात्र मी हसले नव्हते. आमच्या चर्चमध्ये लग्न झालं, तिने आपला धर्म ठेवला, आणि सहा महिन्यांत ज्युड नोकरीसाठी दोह्याला गेला. घरात राहिलो आम्ही दोघी.

भांडण व्हायचंच. पण त्यातही अडचण. आमच्या घरच्या बोलीत भांडले की तिला अर्धं कळायचं नाही, ती नुसती बघत राहायची. म्हणून तिच्याशी भांडताना मला शाळेतली मराठी बोलावी लागे. शब्द शोधता शोधता निम्मा राग तिथेच उतरायचा.

आता राजेळीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरूनच घडलं.

आमच्या वाडीत माझ्या सासूच्या वेळची राजेळी केळ होती. वसईत राजेळी बऱ्याच घरी आहे, पण आमची ती आमची. जाड, लांब, आणि वाळवली की मधासारखी. हिवाळ्यात केळी सोलून आठवडाभर बांबूच्या तट्ट्यावर उन्हात ठेवायची, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, मग केळीच्याच सुक्या सोपटात बांधायची. ती सुकेळी. माझी सुकेळी वर्षभर टिकायची, नातेवाइकांच्या सामानातून कुवेत आणि कॅनडापर्यंत जायची. मला त्याचा गर्व होता. आणि गर्वाबरोबर एक वाईट खोडही होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

केळीच्या बुडाशी पिल्लं फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. मुनवा खणून दुसरीकडे लावला की तीच केळ तिथे होते. आमच्याकडे मुनवे मागायला येण्यात कोणी लाजत नाही, देणाराही मोजत नाही. मी मात्र कोणाला एकही दिला नाही. नको असलेले मुनवे खणून काढले की पहारीच्या टोकाने गड्ड्यातला मधला डोळा फोडायचे आणि मगच उकिरड्यावर टाकायचे, म्हणजे कोणी उचलून नेला तरी उगवायला नको. शेजारची पॉलिन नवीन घर बांधलं तेव्हा दोन मुनवे मागायला आली होती. पोतं हातात घेऊन फाटकाशी उभी होती बिचारी. मी सांगितलं, या वर्षी फुटलेच नाहीत. तिच्या पायाशीच डोळे फोडलेल्यांचा ढीग पडला होता.

माझ्या नणंदेने, मेरीने, मात्र चोरून नेले. ती वेंगुर्ल्याला दिलेली. माझे यजमान एडवर्ड गेले तेव्हा चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेला ती आली होती, आणि परत जाताना ट्रंकेत गाऊनमध्ये गुंडाळून तीन मुनवे घेऊन गेली. मी मातीतले खड्डे मोजले आणि तिला फोनवर चोर म्हटलं. ती म्हणाली, माझ्या आईची केळ आहे. मी फोन ठेवला, तो एकोणीस वर्षं ठेवलेलाच होता.

मग एका पावसाळ्यात पुराचं पाणी आलं. चार दिवस वाडीत मांडीभर पाणी उभं. पूर्वी पाणी यायचं आणि ओहोटीबरोबर निघून जायचं, आता जायला वाटच नाही. पाणी ओसरलं तेव्हा एकूण एक केळ बुडातून कुजलेली. हाताने ढकलली तरी आडवी व्हायची. केळीची सव्वीस बेटं होती माझी. मी चिखलात बसून रडले, खोटं कशाला सांगू? आणि रडताना कळत होतं की माझी केळ आता जगात कुठेच नाही, आणि ती मीच कुठे राहू दिलेली नाही. गावात कोणाकडे मागायला जाणार? आणि काय मागणार, मी दिलेलंच काही नव्हतं. रोपवाटिकेतून आणलेली दहा रोपं लावली, ती वाढली, पण त्यांची सुकेळी चिवट झाली. दोन वर्षं अशीच गेली.

पुढच्या जुलैत, एका शुक्रवारी, मेरीने दोह्याला ज्युडला फोन केला. तिचं जुनं घर आणि मागचं परसू विकलं गेलं होतं, ती मुलीकडे राहायला जाणार होती. सोमवारी सकाळी जेसीबी येऊन परसू सपाट करणार. परसात तुझ्या आईची राजेळी आहे, हवी असेल तर सोमवारच्या आत न्या, एवढंच तिने सांगितलं. ज्युडने मला सांगायच्या आधी बायकोला सांगितलं. बायकोने मला सांगितलं ते रेनकोट शोधत शोधत.

रेल्वेमार्गावर दरड आलेली, गाड्या बंद. बसवाल्यांचा भरवसा नाही. टेम्पोवाला भर पावसात यायला तयार नाही. क्षितिजा म्हणाली, मी जाते. वसईहून वेंगुर्लं पाचशे किलोमीटरच्या वर आहे. जुलैचा पाऊस, घाट, आणि रस्त्याचं काम चाललेलं. ज्युड फोनवर ओरडत होता की आई, तिला अडव. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ती केळ हवी होती, इतकी हवी होती की मी गप्प बसले. फक्त एवढंच सांगितलं की मुनवा बघून घे, तलवारीसारखी अरुंद पानं असलेला घ्यायचा, रुंद पानांचा दिसायला छान असतो पण कामाचा नसतो. तिने ते वहीत लिहून घेतलं.

शनिवारी पहाटे ती निघाली. ज्युडची जुनी सव्वाशे सीसीची गाडी, टायर आदल्याच महिन्यात बदललेले, मागे निळी पेटी, दोन्ही बाजूंना मी शिवलेली रिकामी गोणपाटं. तिने माझ्या फोनवर असं काहीतरी करून दिलं की नकाशावर ती निळा ठिपका होऊन दिसायची. मी त्या ठिपक्याला चिकटले. भात करपला, दूध उतू गेलं, पॉलिन हाक मारून गेली, मी ओ दिली नाही.

वाटेतलं मला तिने नंतर सांगितलं, तेही दहा वेळा विचारल्यावर. पनवेलपुढे पाऊस असा की पुढचा ट्रक फक्त त्याच्या लाल दिव्यांवरून ओळखायचा. हेल्मेटच्या काचेवर धुकं धरायचं, काच उघडली की पाणी डोळ्यांत. डंपर शेजारून गेला की बादलीभर चिखल अंगावर. तिचा एक नियम आहे, तो विरारच्या रस्त्यांनी तिला शिकवलाय. पाण्याखालचा रस्ता दुसऱ्याच्या चाकाने बघायचा. पुढे साचलेलं पाणी दिसलं की थांबायचं, एखादी गाडी जाऊ द्यायची, तिचं चाक कुठे बुडतं, कुठे वर येतं ते बघायचं आणि त्याच रेघेवरून जायचं. कोणी मागून कितीही भोंगे वाजवले तरी घाई करायची नाही. माणगावच्या अलीकडे एक मोटरसायकलवाला तिला हसून पुढे गेला, आणि शंभर पावलांवर पाण्यात गाडीसकट आडवा झाला. हिने उतरून त्याला उठवलं आणि मग त्याचीच रेघ सोडून दुसरीकडून गेली. कशेडीच्या बोगद्यात अंगावर पाऊस नाही म्हणून तिला म्हणे एकदम ऐकूच येईनासं झालं. रस्ताभर गुरं बसलेली, डांबरी रस्ता तेवढाच कोरडा आणि उबदार म्हणून. त्या दिवशी ती राजापूरपर्यंत पोचली आणि लॉजवर मुक्काम केला. फोनवर मला म्हणाली, आई, ठीक आहे सगळं, फक्त हाताची बोटं मिटत नाहीत. मी म्हटलं, तेल चोळ.

रविवारी दहाच्या सुमारास ती मेरीच्या दारात होती. दोघींनी मिळून पावसातच मुनवे खणले. मेरी बासष्टची आहे, तिचे गुडघे माझ्यासारखेच. सात चांगले मुनवे निघाले, सगळे अरुंद पानांचे. मेरीने पानं छाटली, मुळं साफ केली. आणि माझी सून काय करत होती म्हणाल? प्रत्येक मुनव्यावर लॅबची चिठ्ठी चिकटवत होती. राजेळी एक, राजेळी दोन, खणल्याची तारीख, वेळ, कोणाकडून. मेरीला हसू आवरेना. तिने सुक्या सोपटात मुनवे सैल बांधले, तीन एका गोणीत, चार दुसरीत, वजन तोलून. रविवारी रात्री क्षितिजा तिथेच राहिली. सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा जेसीबी फाटकाशी येऊन उभा होता. पहिला वाफा उलथला ते तिने आरशात बघितलं.

सोमवारी परतीच्या वाटेवर पावसाने कहर केला. चिपळूणला दुपारी ती चहाला थांबली तेव्हा गोण्या भिजून जड झाल्या होत्या, माती धुऊन चालली होती. तिने काय करावं? हार्डवेअरच्या दुकानातून जाड प्लॅस्टिक आणलं, एकेक मुनवा गुंडाळून चिकटपट्टीने हवाबंद केला, आणि जे पेटीत मावले ते पेटीत, तिथेच विकत घेतलेल्या बर्फाच्या पिशव्यांवर ठेवले. मग मोठ्या खुशीत मला फोन केला की आता काही काळजी नाही, एकदम पॅक केलेत. रक्ताच्या नमुन्यांची सवय तिला, तिच्या दृष्टीने हवाबंद आणि थंड म्हणजे सुरक्षित. केळीला मात्र ते दोन्ही मारक. बंद प्लॅस्टिकमध्ये केळीचा गड्डा रात्रभर राहिला तर सकाळी त्याला वास मारतो, आणि बर्फाने कोंब काळा पडतो. मी तिला फोनवर जे बोलले ते शाळेच्या मराठीत नव्हतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, सगळं पुन्हा सोडलं, चहावाल्याकडून कोरडा पेंढा मागून घेतला आणि पुन्हा गोणीत बांधलं. तासभर गेला त्यात. पहिल्यापासून मी नीट सांगितलं असतं तर तो तास वाचला असता, पण मला वाटलं एवढं तर कोणालाही कळतं. आम्हा वाडीवाल्यांची ही चूक नेहमीची. आपल्याला जे लहानपणापासून ठाऊक असतं ते सांगायची गोष्ट आहे असं आम्हाला वाटतच नाही.

चारच्या सुमारास ठिपका परशुराम घाटात शिरला. आणि थांबला.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन लागेना. अर्धा तास. मी फोन हातात धरून ओसरीवर उभी, आणि टीव्हीवर कुठल्यातरी घाटात माती खाली आल्याची बातमी. कुठला घाट ते ऐकायची माझी हिंमत होईना, मी टीव्हीच बंद केला. तेव्हा मला माझीच लाज वाटली. चार केळी लावायच्या म्हणून मी दुसऱ्याच्या मुलीला डोंगरात पाठवलं होतं. आत्मारामांनी विचारलं असतं तर काय उत्तर देणार होते मी? ज्युडला काय सांगणार होते? मी माळ हातात घेतली आणि जपमाळेची प्रार्थना सुरू केली, आणि मध्येच विसरले कुठवर आले ते, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्या सव्वा तासात मला राजेळीची एकदाही आठवण झाली नाही. तुम्हाला खरं वाटो न वाटो.

सव्वापाचला अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. घाटात वरून माती आली होती, एकाच बाजूने गाड्या सोडत होते. लाल चिखलात तिचं मागचं चाक सरकलं आणि ती गाडीसकट पडली. गुडघा फुटला होता, तिचा फोन भिजून बंद पडलेला. माती उपसायच्या पोकलेनवर काळूराम नावाचा माणूस होता, त्याने मशीन थांबवून दोघांना हाताशी घेतलं, गाडी उचलली, वाकडं झालेलं हँडल पुढचं चाक गुडघ्यांत धरून सरळ केलं. फोनही त्याचाच.

मी म्हटलं, "क्षितिजा, ते सगळं तिथेच टाकून दे. गाडीही टाक. बसमध्ये बस आणि घरी ये."

ती म्हणाली, "आई, रस्त्याचं माझ्यावर सोडा. तुम्ही खड्डे खणायला घ्या, उद्या दुपारी लावायचेत." आणि लगेच, जरा चाचरत, "एक मुनवा पडताना चिरडला. आणि एक मी दिला."

कोणाला ते मी विचारायच्या आत तिने सांगितलं. पडल्यावर ती आधी मुनवे मोजत बसली होती, गुडघ्यातून रक्त येत असताना. काळूरामला नवल वाटलं, त्याने विचारलं, एवढं काय आहे त्यात? तिने सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या घरामागे ओढ्याकाठी जागा आहे, अशी केळ त्याच्या आईला आवडली असती. तिने गोणी उघडली आणि त्याला म्हणाली, घ्या, यातला कुठलाही. तो लहान घ्यायला लागला तर तिने स्वतः मोठा काढून दिला. चिठ्ठीसकट.

माझी जुनी खोड माहीत होती तिला. डोळे फोडलेले मुनवे तिने उकिरड्यावर बघितलेले. म्हणून ती फोनवर वाट बघत होती, मी काय म्हणते त्याची. आणि मला काय वाटलं सांगू? मला तिचा अभिमान वाटला. पडलेली, भिजलेली, पाचशे किलोमीटरवरून मोजून सात आणलेले, त्यातला सगळ्यात मोठा तिने देऊन टाकला, आणि मला खरं सांगितलं. दोन्ही चिरडले म्हणाली असती तर मला कुठे कळणार होतं? मी म्हटलं, बरं केलंस. गुडघ्याला हळद लाव.

मग मी पहार घेतली. वाडीतली सगळ्यात उंच जागा, विहिरीच्या मागची, जिथे त्या पुरातही पाणी फक्त पोटरीपर्यंत आलं होतं. तिथे दिवस मावळेपर्यंत दोन आणि मंगळवारी सकाळी तीन असे पाच खड्डे मी एकटीने खणले. पॉलिन कुंपणापलीकडून बघत होती. तिने मदतीला येऊ का विचारलं. मी नको म्हटलं, कारण मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

खेडला मुक्काम करून ती मंगळवारी एकच्या सुमारास आली. तिच्या गाडीचा आवाज मी ती गावच्या क्रुसापाशी असतानाच ओळखला. गाडी चिखलाने लाल, एक आरसा गेलेला, पँट गुडघ्यावर फाटलेली, आणि दोन्ही बाजूंच्या गोण्या सरळ. उतरताना तिला फुटलेला गुडघा वाकवता येईना. मी तिला धरलं. मी तिला आधी कधी असं धरलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी जेवायच्या आधी पाचही मुनवे लावले, चिठ्ठ्यांच्या क्रमाने, कारण तसंच लावायचं असा तिचा हट्ट. पेटी धुताना तळाशी सोपटात बांधलेली एक पुडी सापडली. मेरीची सुकेळी. मी एक तोडून तोंडात टाकली. सासूच्या हातची, माझ्या हातची, तीच चव. चोरून नेलेल्या तीन मुनव्यांची.

त्याच दुपारी मी मेरीला फोन केला. म्हटलं, मेरी, केळ पोचली, आणि मी तुला चोर म्हटलं होतं ते परत घेते. तू नेली नसतीस तर आज काही उरलं नसतं. मग ती म्हणाली, "वहिनी, तिकडे पाऊस आहे का गं?" आणि आम्ही तासभर पावसावर बोललो.

पाचांतला एक धरला नाही, चार जगले. दीड वर्षाने पहिला घड उतरला, तो आम्ही चर्चमध्ये नेला. मे महिन्यात क्रुसाजवळच्या प्रार्थनेनंतर मी सगळ्यांना सुकेळी वाटली, आणि वाटताना प्रत्येकाला घाटाची गोष्ट सांगितली. काहींना ती आता पाठ आहे. काळूराम अधूनमधून फोटो पाठवतो, त्याची केळ आमच्याहून उंच झाली आहे. मला जरा राग येतो, पण ते जाऊ दे.

गेल्या महिन्यात मी बेटं मोकळी करत होते. प्रत्येक बुडाशी पाच-सहा मुनवे. नको असलेले खणून बाजूला टाकत होते, आणि सवयीने पहारीचं टोक पहिल्याच्या डोळ्यावर गेलंसुद्धा. तेवढ्यात फाटक वाजलं. पॉलिन. हातात एक घडी घातलेलं पोतं. इतक्या वर्षांनी पुन्हा. ती माझ्या हातातल्या पहारीकडे बघत होती.

त्याच वेळी क्षितिजा सकाळची फेरी संपवून आली. हेल्मेट काढून ती तिथेच गाडीजवळ उभी राहिली. आम्हा दोघींकडे बघत.

मी पॉलिनला म्हटलं, "मला काय विचारतेस? केळ तिची आहे, तिने आणलीय." आणि पहार सुनेच्या हातात दिली.

क्षितिजाने एकेक मुनवा उचलून बघितला, अरुंद पानांचे तेवढे वेगळे काढले. तीन, पाच, आठ. पॉलिन नको नको म्हणत होती, पोतं भरत आलं होतं. मी तिच्या हातातून ते घेतलं, दाबून बघितलं, आणि तिच्यावर ओरडले.

"एवढंसं पोतं घेऊन येतात का गं?"